जुन्या जहाजाची डागडुजी : किती बदलायचं आणि कुठे थांबायचं



१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून एक लढाऊ जहाज पाण्यात उतरलं. त्याचं नाव ‘ट्रिंकोमाली’. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया, लाकूड सागवान, आणि मालक ब्रिटिश नौदल. त्यानंतर साडेतीन आठवड्यांत, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत १८१७ म्हटलं की खडकी येते. ते योग्यच आहे. पण त्या वर्षातली एक वस्तू अजूनही पाण्यावर तरंगते आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल गावात ‘ट्रिंकोमाली’ आज उभी आहे. पाण्यावर तरंगणारं ब्रिटनचं सर्वांत जुनं युद्धजहाज तेच.

त्या जहाजातलं साठ टक्क्यांहून अधिक लाकूड मूळचं आहे असं सांगतात. आजचं व्याख्यान उरलेल्या लाकडाबद्दल आहे. ते का बदललं? आणखी का नाही बदललं? आणि जे बदललं त्यानंतर हे जहाज वाडियांनी बांधलेलं तेच, असं म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे का? वरवर हे सुतारकामाचे प्रश्न दिसतात. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आम्हाला त्यात दुसरंही काही दिसतं. म्हणून आज इतिहास आणि तत्त्वज्ञान दोघांनाही एकाच पंगतीला बसवू या.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. लाकडी जहाज बांधून झालं त्या दिवसापासूनच कुजायला लागतं. गंमत अशी की खारं पाणी त्याचं फारसं बिघडवत नाही, नुकसान करतं ते पावसाचं गोडं पाणी. ते डेकच्या सांध्यांतून आत झिरपतं, हवा न लागणाऱ्या कोपऱ्यात साचतं आणि तिथे बुरशी धरते. ओक लाकडात आम्लं असतात, ती लोखंडी खिळ्यांना खातात आणि गंजलेला खिळा उलट लाकडाला खातो. सागवानात तेल असतं, त्यामुळे तिथे हा त्रास बराच कमी. मुंबईत बांधलेली जहाजं टिकली त्यामागे वाडियांचं कसब होतं, तसं मलबारचं सागवानही होतं.

दुसरं दुखणं वजनाचं. जहाज मधोमध रुंद आणि टोकांना निमुळतं असतं. मधल्या भागाला पाणी चांगलं उचलून धरतं, टोकांना तेवढं धरत नाही. वर्षानुवर्षं टोकं खाली झुकत जातात, आणि तळाचा लांबलचक कणा, ज्याला आपल्या किनाऱ्यावर पठाण म्हणतात, तो उपड्या धनुष्यासारखा वाकतो. कणा वाकला की फळ्यांचे सांधे उघडतात, सांधे उघडले की पाणी, आणि पाणी आलं की पुन्हा कुज. म्हणजे दुरुस्ती ही जहाजाच्या आयुष्यात अधूनमधून येणारी आपत्ती नव्हेच. तो त्याचा नित्यक्रम आहे. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढतात, फळ्या तपासतात, कुजलेल्या बदलतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात. होडीच्या मालकाला कुणी विचारलं की ‘ही तीच होडी का?’, तर तो हसेल. त्याचा प्रश्न एवढाच असतो की यंदाचा हंगाम ती काढेल का.

मग अडचण कधी येते? जहाजाचं काम संपतं आणि आपण त्याला स्मारक करतो, तेव्हा. काम करणाऱ्या जहाजाची दुरुस्ती किती करायची ते समुद्र सांगतो. स्मारकाची किती करायची ते आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि इथून गोंधळ सुरू होतो.

हा गोंधळ जुना आहे. प्लूटार्कने थीसिअसच्या चरित्रात लिहून ठेवलं आहे की अथेन्सच्या लोकांनी त्याचं तीस वल्ह्यांचं जहाज कित्येक पिढ्या जपलं. जुनी फळी कुजली की नवी बसवत गेले. शेवटी तत्त्वज्ञांचे दोन पक्ष पडले, एक म्हणे तेच जहाज, दुसरा म्हणे ते नव्हे. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात तेल ओतलं. समजा, काढलेली प्रत्येक फळी कुणी जपून ठेवली आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडली, तर मग थीसिअसचं जहाज कोणतं?

आपल्या परंपरेलाही हा प्रश्न परका नाही. मिलिंद राजाला नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? आस? चाकं? साटा? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. मग रथ हे त्या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नावच ठरतं. न्याय-वैशेषिकांची भूमिका याच्या विरुद्ध, आणि फार कडक. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, अवयवांहून निराळी आणि खरी असते. पण म्हणूनच कापडातून एक धागा काढलात तर जुनं कापड नष्ट झालं. उरलं ते नवं, त्याला ते खंडपट म्हणतात. या हिशेबाने पहिली फळी बदलली त्याच दिवशी वाडियांचं जहाज संपलं!

तुम्ही म्हणाल, हा कीस काढून सुताराला काय उपयोग? थांबा. या दोन टोकांच्या मध्ये माणसांनी प्रत्यक्षात काय निर्णय घेतले, ते इतिहासात पाहू. चार जहाजं घेऊ.

पहिलं जहाज अमेरिकेतलं, ‘कॉन्स्टेलेशन’. या नावाचं एक फ्रिगेट १७९७ मध्ये बाल्टिमोरमध्ये बांधलं गेलं. १८५३ मध्ये ते व्हर्जिनियाच्या नौदल गोदीत मोडीत निघालं, आणि तिथेच १८५४ मध्ये त्याच नावाचं नवं जहाज तयार झालं. पुढे लोक दोन्हींना एकच समजू लागले. १९५५ मध्ये जहाज बाल्टिमोरला आणलं, आणि ते १७९७ चंच आहे या श्रद्धेने त्याची दुरुस्ती चालली. ‘मूळ रूप’ देण्यासाठी १८५४ च्या जहाजात फेरफार करून त्याला फ्रिगेटसारखं दिसायला लावलं. अखेर १९९१ मध्ये नौदलाच्याच संशोधकांनी कागदपत्रं आणि बांधणीचा आराखडा तपासून दाखवून दिलं की हे जहाज १८५४ चंच आहे. १९९९ पर्यंत काम करून त्याला पुन्हा त्याचं स्वतःचं रूप दिलं गेलं.

इथे काय झालं ते नीट पाहा. दुरुस्ती करणारे आळशी नव्हते, अप्रामाणिकही म्हणवत नाही. त्यांनी प्रेमानेच काम केलं. पण पुराव्यापुढे धावणारी दुरुस्ती पुरावाच पुसून टाकते. फळी कुजली तर एक फळी जाते. चुकीच्या समजुतीने चांगली फळी काढली तर फळीही जाते आणि ती कशाबद्दल साक्ष देत होती तेही जातं.

दुसरं जहाज ‘इम्प्लॅकेबल’. हे मूळचं फ्रेंच, ‘द्युगे-त्रुआँ’, १८०० मध्ये पाण्यात उतरलेलं. ट्रफाल्गरच्या लढाईत ते फ्रेंचांच्या बाजूने होतं. तिथून निसटलं, पण दोनच आठवड्यांत इंग्रजांच्या हाती सापडलं. पुढे जवळजवळ दीड शतक ते इंग्लंडमध्ये राहिलं, शेवटी मुलांना समुद्रावरचं शिक्षण देण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची अवस्था फारच वाईट झाली. देशात तंगी, रेशनिंग चालू, आणि दुरुस्तीचा खर्च मोठा. फ्रान्सला विचारलं, त्यांनीही नको म्हटलं. २ डिसेंबर १९४९ रोजी ब्रिटिश आणि फ्रेंच असे दोन्ही झेंडे फडकवून ते समुद्रात नेलं आणि सुरुंग लावून बुडवलं. नाळेवरचा पुतळा आणि मागच्या भागाची नक्षी तेवढी ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात राहिली.

‘किती दुरुस्ती करायची’ या प्रश्नाचं ‘अजिबात नाही’ हेही एक उत्तर आहे, आणि ते नेहमीच मूर्खपणाचं असतं असं नाही. उपाशी माणसाला जुनं लाकूड जपायला सांगणं सोपं नसतं. तरीही या घटनेचा सल राहिला. तीस वर्षांनी जहाजांच्या जतनासाठी जागतिक पातळीवरची एक संस्था निघाली तेव्हा तिने ‘इम्प्लॅकेबल, पुन्हा कधीही नाही’ अशा अर्थाचं ब्रीदवाक्य घेतलं. न केलेल्या दुरुस्तीनेही इतिहास घडतो, तो असा.

तिसरं जहाज बोस्टनचं ‘कॉन्स्टिट्यूशन’, १७९७ चं. त्यात मूळ लाकूड दहा-पंधरा टक्केच उरलं असावं असा अंदाज सांगितला जातो. ‘ट्रिंकोमाली’शी त्याचं विचित्र नातं आहे. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ हे ब्रिटिश फ्रिगेट हरवलं. ‘जावा’ मुंबईकडे निघालं होतं आणि मुंबईत बांधायच्या फ्रिगेटचे नकाशे त्यावर होते. ते गेले. नवे नकाशे येईपर्यंत ‘ट्रिंकोमाली’चं काम रखडलं. त्याच ‘जावा’वरून थॉमस हिस्लॉप हे सेनापती हिंदुस्थानात येत होते. तेच पुढे डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध लढले. असो, हे विषयांतर झालं, पण समुद्राचा इतिहास आणि जमिनीचा इतिहास आपण उगाच वेगळे शिकवतो, हे सांगायचा मोह आवरला नाही.

तर ‘कॉन्स्टिट्यूशन’. १९९० च्या दशकात ते सुक्या गोदीत घेतलं तेव्हा कणा तेरा इंचांहून अधिक वाकलेला निघाला. तज्ज्ञांनी जुनी कागदपत्रं काढली. मूळ रचनाकार जोशुआ हम्फ्रीज यांनी जहाजाच्या आत तिरक्या जाड तुळया घातल्या होत्या, नेमक्या हा वाक रोखण्यासाठी. मधल्या काळातल्या दुरुस्त्यांत त्या काढून टाकल्या गेल्या होत्या. त्या पुन्हा बसवल्या, आणि जुलै १९९७ मध्ये ते जहाज ११६ वर्षांनी पहिल्यांदा स्वतःच्या शिडांवर चाललं.

आता सांगा, या तुळया नव्या की जुन्या? लाकूड नवं, विचार दोनशे वर्षांपूर्वीचा. जहाजाचा ‘मूळपणा’ फक्त लाकडात मोजणाऱ्याला इथे काही वाढलेलं दिसणार नाही, उलट थोडं कमीच झालेलं दिसेल. आमच्या मते मात्र त्या दिवशी हे जहाज आपल्या मूळ रूपाच्या जवळ आलं. म्हणजे टक्केवारी ही माहिती म्हणून ठीक आहे. ती निकष होऊ शकत नाही.

आणि चौथं जहाज, ‘व्हिक्टरी’. १७६५ मध्ये ते पाण्यात उतरलं, १८०५ मध्ये ट्रफाल्गरला नेल्सनचं जहाज होतं, आणि १९२२ पासून पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत आहे. १९२० च्या दशकात निर्णय झाला की त्याला ट्रफाल्गरच्या दिवशीचं रूप द्यायचं. त्यासाठी नंतरचे बदल काढून टाकले. पण ट्रफाल्गरचं रूप म्हणजे मूळ रूप नव्हेच! लढाईआधी दोन-तीन वर्षं त्याची प्रचंड दुरुस्ती झाली होती आणि मागच्या बाजूचे उघडे सज्जे बंद केले होते. इथे जतन झाला तो एका जहाजाच्या आयुष्यातला एक दिवस.

‘व्हिक्टरी’चा दुसरा धडा गोदीचा आहे. पाण्यातून बाहेर काढलं म्हणजे जहाज सुरक्षित झालं, असं वाटतं. पण पाणी जहाजाला सगळीकडून सारखा आधार देतं, गोदीतले ठोकळे देत नाहीत. वजन मोजक्या ठिकाणी एकवटतं आणि लाकूड हळूहळू बसतं. विसाव्या शतकात कुजलेल्या ओकच्या जागी काही ठिकाणी सागवान आणि आफ्रिकेतलं इरोको लाकूड बसवलं, कारण त्यांना कीड-बुरशी कमी लागते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या दुरुस्तीत मात्र पुन्हा ओकच्या फळ्या बसवल्या जात आहेत. एका पिढीने टिकाऊपणा पाहिला, दुसरीने जात पाहिली. दोघांचीही निष्ठा जहाजावरच होती.

आता ‘ट्रिंकोमाली’कडे परत येऊ, कारण तिथे प्रश्न सर्वांत अवघड आहे. हे जहाज १८१९ मध्ये इंग्लंडला पोचलं तेव्हा नेपोलियनशी युद्ध संपलं होतं. गरजच उरली नव्हती. १८४५ पर्यंत ते नुसतं बांधून ठेवलं. मग तोफा कमी करून २६ केल्या, मागच्या भागाची ठेवण बदलली आणि १८४७ ते १८५७ ते समुद्रावर फिरलं. नंतर ते सरावाचं जहाज झालं. १८९७ मध्ये मोडीत विकलं गेलं. तिथून जेफ्री व्हीटली कॉब या गृहस्थांनी ते विकत घेतलं. त्यांचं ‘फूद्रॉयाँ’ नावाचं जुनं जहाज त्याच वर्षी वादळात फुटलं होतं. त्याची आठवण म्हणून त्यांनी हेच नाव या जहाजाला दिलं. त्यानंतर १९८६ पर्यंत मुलामुलींच्या कित्येक पिढ्या या जहाजावर शिकल्या. कित्येक वर्षं ते ‘इम्प्लॅकेबल’च्या शेजारी नांगरलेलं होतं. एक बुडवलं गेलं, दुसरं राहिलं. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आणलं, १९९२ मध्ये त्याचं जुनं नाव परत दिलं, आणि दुरुस्ती २००१ मध्ये पुरी झाली.

मग मूळ रूप कोणतं? १८१७ चं? त्या रूपात ते कधी लढायला गेलंच नाही. १८४७ चं? ते रूप वाडियांचं नव्हे. आणि नौदलासाठी समुद्रावर काढलेली दहा वर्षं खरी मानायची, तर मुलांना शिकवण्यात गेलेली ऐंशीहून अधिक वर्षं खोटी कशी ठरवायची? संग्रहालयाला एक रूप निवडावंच लागतं, कारण जहाज एका वेळी एकाच रूपात उभं राहू शकतं. पण निवडीला निवड म्हणावं. तिला ‘मूळ’ म्हणू नये.

आता या सगळ्यातून हाती काय लागतं? आम्हाला चार प्रश्न दिसतात. जुनी शिडाची होडी घेऊन कुणी तुमच्यापुढे उभा राहिला, तरी हेच चार प्रश्न विचारा.

पहिला, हे जहाज यापुढे काय करणार आहे? समुद्रावर जाणार असेल तर कणा, खिळे, डोलकाठीचे आधार यांत तडजोड नाही. तिथे जुन्या फळीबद्दलची माया माणसाच्या जिवावर बेतते. नुसतं पाहण्यासाठी असेल तर जुनी, भेगाळलेली फळीही राहू द्यावी. स्टॉकहोमचं ‘वासा’ घ्या. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं, १९६१ मध्ये वर काढलेलं. ते पुन्हा कधी तरंगणार नाही हे ठरलेलं होतं, म्हणून त्याचं लाकूड जवळपास सगळं मूळचं राहू शकलं. कामाचं जहाज आणि साक्षीचं जहाज, दोन्ही भूमिका एकदम पूर्णपणे निभावत नाहीत.

दुसरा, पुरावा किती आहे? माहिती संपते तिथे दुरुस्ती थांबवावी. रिकामी जागा रिकामी राहू देणं हेही कौशल्य आहे.

तिसरा, आज केलेलं उद्या ओळखू येईल का आणि काढता येईल का? नवी फळी कोणती, कधी बसवली, का बसवली, हे लिहून ठेवलेलं असावं. ‘कॉन्स्टेलेशन’चा घोळ सुटला तो कागदपत्रांमुळेच.

चौथा प्रश्न लोक विसरतात. हे काम करणारे हात उरतील का? पाच-सात वर्षांची दुरुस्ती म्हणजे तरुण सुतारांची एक पिढी तयार होते. फळीला वाफ देऊन वळवणं, सांध्यात दोर ठोकून राळ भरणं, हे पुस्तकातून येत नाही. कधी कधी एक फळी वाचवण्यापेक्षा ती बदलायला शिकणारा माणूस अधिक जपायला हवा.

तत्त्वज्ञानाकडे परत जायचं तर नैयायिक आणि नागसेन दोघेही आम्हाला अर्धे बरोबर वाटतात. फळी बदलली की काहीतरी खरंच जातं, हे नैयायिकांकडून घ्यावं. त्यामुळे हात आखडता राहतो. आणि जहाज म्हणजे एका कामासाठी झालेली जुळणी आहे, हे नागसेनाकडून घ्यावं. त्यामुळे हात लावायची हिंमत होते. ज्या दुरुस्तीत पुढचा माणूस मागच्याचं कारण समजून घेतो, ती कितीही मोठी असली तरी जहाज तेच राहतं. आणि कारण विसरून केलेली दुरुस्ती लहान असली तरी जहाज तोडते. एकच अट आहे, साखळीत खोटा दुवा नको.

शेवटी एक गोष्ट मन लावून ऐका. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या पिढ्यांनी कितीतरी जहाजं बांधली. ‘मिंडेन’ तिथलंच, ‘कॉर्नवॉलिस’ तिथलंच, ज्यावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. त्या काळातलं एकही जहाज आज मुंबईच्या बंदरात तरंगत नाही. एक पाहायचं तर हार्टलपूलला जावं लागतं. याचं दुःख करण्यात अर्थ नाही, ती जहाजं दुसऱ्यांच्या आरमाराची होती. पण आपल्या किनाऱ्यावर लाकडी होड्या अजून आहेत, फायबरच्या होड्यांमुळे दर वर्षी कमी होताहेत, आणि त्या बांधणारे म्हातारे सुतारही अजून आहेत. त्यांतली कोणती जपायची आणि किती दुरुस्त करायची, हा निर्णय हार्टलपूलचे लोक घेणार नाहीत. तो आपला आहे. आणि काहीच न ठरवणं हाही निर्णयच असतो, हे ‘इम्प्लॅकेबल’ने सांगून ठेवलं आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.